थुंकीच्या नळीत लिव्हरचं भविष्य: सांगली-मिरजेत मिळणाऱ्या जीन किटची झाडाझडती

पाचपैकी दोन तारे. एक तारा प्रयोगशाळेला, कारण लाळेतून डीएनए काढून ठरावीक जागा वाचण्याचं काम आता बहुतेक ठिकाणी चोख होतं. दुसरा तारा घरी येऊन सॅम्पल नेणाऱ्या मुलांना. विश्रामबागेतल्या फ्लॅटपासून जतकडच्या वस्तीपर्यंत ती वेळेवर पोचतात. बाकीचे तीन तारे रिपोर्टनं घालवले. ते कसे घालवले, हे सांगायला थोडी जागा लागणार आहे.

माल असा: लिव्हरच्या दुखण्याचा आणि कॅन्सरचा 'जनुकीय धोका' सांगणारी किट. दोन-चार नावांनी विकली जाते, साचा एकच. पैसे हजारांत. तीन-चार आठवड्यांनी मोबाइलवर पीडीएफ येते, तीस-चाळीस पानांची, लाल-पिवळ्या-हिरव्या काट्यांनी सजवलेली. त्यातला मोठा भाग रोगप्रतिकारक जनुकांचा असतो, आणि विक्रीचा सगळा भर त्याच्यावरच. गिऱ्हाईक कोण? ज्यांच्या घरात पांढरी कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस बी, निघालीय, ज्यांचा बाप किंवा चुलता लिव्हरच्या कॅन्सरनं गेलाय, आणि ज्यांना कुणीतरी "तुमच्या रक्तातच आहे ते" असं सांगून ठेवलंय. हे वाक्य अर्धं खरं असतं. रक्तात असतो तो बहुतेक वेळा विषाणू. त्याच्याकडे पुढे येऊच.

आधी सॅम्पलबद्दल, कारण निम्म्या तक्रारी इथेच उगवतात. किटमध्ये फनेल लावलेली नळी असते, तिच्यावर २ मिलीची रेघ. थुंकण्याआधी अर्धा तास खाणं, चहा, पाणी, सिगारेट काही नाही. आपल्याकडे या यादीत आणखी दोन गोष्टी ठळक अक्षरांत हव्यात, त्या छापलेल्या सूचनांत सहसा नसतात: मिश्री आणि तंबाखू-चुना. सकाळी मिश्री लावलेल्या बाईची लाळ तपकिरी येते, तिच्यात जळक्या तंबाखूचे कण असतात आणि डीएनए शुद्ध करताना ते आडवे येऊ शकतात. उपाय सोपा आहे. भरपूर पाण्यानं दोन-तीनदा चूळ भरायची आणि मग घड्याळ लावून ३० मिनिटं तोंडाला काही लावायचं नाही. रेघ मोजताना फेस धरायचा नाही. फेसाखालचं पातळ २ मिली भरलं पाहिजे. ज्यांचं तोंड कोरडं पडतं अशा वयस्कर माणसांना गाल बाहेरून चोळायला सांगा, जिभेवर चिमूटभर साखर ठेवली तरी चालते. झाकण घट्ट फिरवलं की त्यातलं द्रावण खाली उतरतं. मग नळी दहा-पंधरा वेळा उलटी-सुलटी करायची. हे राहिलं तर तोंडातले जंतू नळीत वाढत बसतात आणि महिन्यानं 'सॅम्पल अपुरं, पुन्हा पाठवा' असा मेसेज येतो. द्रावण नीट मिसळलं असेल तर एप्रिलच्या उन्हातून कुरिअर गेलं तरी बिघडत नाही, त्यामुळे बर्फाच्या पेटीचे वेगळे पैसे कुणी मागितले तर देऊ नका.

रक्त देणार असाल तर जांभळ्या झाकणाची ईडीटीए नळी, २ ते ३ मिली, उपाशीपोटी असण्याची गरज नाही. हिरव्या झाकणाची नळी आणली तर परत पाठवा. तिच्यातलं हेपॅरिन पुढच्या पीसीआरला, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या कामाला, मारक असतं.

एका घरातल्या चौघांची सॅम्पलं एकाच दिवशी घेतली की अदलाबदलीची शक्यता वाढते. प्रयोगशाळा सॅम्पल बाईचं की पुरुषाचं हे डीएनएवरून तपासते, पण त्यानं नवरा-बायकोची गल्लत सापडते, दोन भावांची नाही. म्हणून एकाची नळी बंद करून, तिच्यावर बारकोड चिकटवून, फॉर्मवर तोच नंबर आहे हे बघितल्याशिवाय दुसऱ्याची नळी उघडायची नाही. ज्यांचं बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालंय त्यांनी लाळ किंवा रक्त देऊन काही उपयोग नाही. दात्याचं डीएनए मिसळून येतं. लिव्हर ट्रान्सप्लांट झालेल्यांची गंमत वेगळी: लाळ त्यांच्या स्वतःच्या जनुकांची, पोटातलं लिव्हर दुसऱ्याच्या जनुकांचं. फॉर्मवर हा प्रश्न विचारलेलाच नसेल तर किट कुणी आखली असेल याचा अंदाज बांधा.

आता रिपोर्ट.

प्रतिकारक जनुकांच्या भागात पहिलं पान बहुधा एचएलए-डीपीचं असतं, आणि ते असणं रास्तही आहे. शरीरात विषाणू शिरला की त्याचे तुकडे एका ताटलीत ठेवून टी-पेशींना दाखवले जातात. ती ताटली म्हणजे एचएलए. तिचा घाट माणसागणिक वेगळा, म्हणून कुणाला विषाणूचा एखादा तुकडा ठळक दिसतो, कुणाला तोच नजरेआड राहतो. २००९ मध्ये जपानी संशोधकांनी हजारो लोकांचे जीनोम चाळले. जुनाट हिपॅटायटिस बी राहण्याशी सर्वांत घट्ट जोडलेल्या जागा एचएलए-डीपीए१ आणि डीपीबी१ या जनुकांत निघाल्या. रिपोर्टमध्ये त्या आरएस३०७७ आणि आरएस९२७७५३५ या नावांनी दिसतील. संरक्षक रूपाची एक प्रत असली तर जुनाट संसर्गाची शक्यता साधारण ०.५७ पटीवर, म्हणजे निम्म्याच्या जरा वर येते. जनुकशास्त्राच्या हिशेबात हा आकडा मोठा आहे.

मग तक्रार कसली? दोन आहेत. एक, हे आकडे जपान आणि थायलंडचे. तिथे धोक्याशी जोडलेली जी रूपं आढळतात, उदाहरणार्थ डीपीबी१*०५:०१, ती पूर्व आशियात भरपूर सापडतात. आपल्याकडे सर्वाधिक दिसतं ते डीपीबी१*०४:०१, आणि ते तर संरक्षक बाजूचं मानलं जातं. मग जपानी सरासरीशी तुलना करून कवठेमहांकाळच्या माणसाला हिरवा काटा दाखवायचा याला अर्थ किती? त्याच्या गावातल्या कितीतरी लोकांचा काटा हिरवाच येणार, आणि तरीही त्याच गावात पांढरी कावीळ आहेच. दोन, आणि ही तक्रार मोठी: विषाणू अंगात पहिल्यांदा कोणत्या वयात शिरला यापुढे ताटलीचा घाट फिका पडतो. जन्माच्या वेळी आईकडून लागण झाली तर सुमारे ९० टक्के बाळांत तो कायमचा राहतो. धडधाकट मोठ्या माणसाला लागला तर ५ टक्क्यांहून कमी जणांत. हा फरक कोणत्याही एचएलएनं पडत नाही. आणि रिपोर्टच्या फॉर्मवर 'आईची एचबीएसएजी तपासणी (अंगात हिपॅटायटिस बी आहे का हे सांगणारी) झालीय का' हा रकानाच नसतो!

एचएलएच्याच डीक्यू जनुकांच्या जागा (आरएस२८५६७१८, आरएस७४५३९२०) त्याच ओळीतल्या, त्यांच्यावर वेगळं बोलायला नको.

दुसरं पान इंटरफेरॉन लॅम्डाचं, विषाणू शिरला की शरीर सोडतं त्या प्रथिनाचं. आयएफएनएल३, जुन्या कागदांत आयएल२८बी. जागा आरएस१२९७९८६०, निकाल सीसी, सीटी किंवा टीटी: आईकडून आणि बापाकडून आलेल्या प्रतींवरची दोन अक्षरं. या शोधाला एके काळी खरोखर वजन होतं. २००९ मध्ये असं दिसलं की हिपॅटायटिस सीच्या सीसी रुग्णांना पेगिंटरफेरॉन-रिबाव्हिरिन या तेव्हाच्या औषधांचा उपयोग टीटीवाल्यांच्या सुमारे दुप्पट होतो, आणि औषधाविना विषाणू आपोआप जाण्याचं प्रमाणही सीसीत जास्त. तेव्हा उपचार म्हणजे आठवड्याला एक इंजेक्शन, तेही २४ ते ४८ आठवडे. ताप, केस गळणं, नैराश्य. इतकं सोसायचं की नाही हे ठरवायला ही तपासणी कामाची होती. २०१३ मध्ये शेजारचंच आयएफएनएल४ हे जनुक सापडलं आणि कोडं थोडं उलगडलं: ज्यांच्यात ते प्रथिन तयार होतं त्यांच्यातच विषाणू जास्त टिकतो.

आज सोफोसबुव्हिर आणि त्याच्या जोडीला डॅक्लाटास्व्हिर किंवा व्हेल्पाटास्व्हिर, बहुतेकांना १२ आठवडे गोळ्या, आणि ९५ टक्क्यांच्या आसपास लोक बरे. सीसी असो, टीटी असो. त्यात आपल्या देशात हिपॅटायटिस सीचा जिनोटाइप ३ हा उपप्रकार जास्त, आणि त्याच्यात आयएल२८बीचा परिणाम आधीपासूनच कमी. म्हणजे तुम्ही पैसे मोजता ते एका संपलेल्या प्रश्नाच्या उत्तरासाठी. 'तुमचा इंटरफेरॉन प्रतिसाद: कमी' ही लाल पट्टी बघून एखादा हिपॅटायटिस सीचा रुग्ण उपचारच टाळत असेल, तर तो पुण्याला जाणारी जुनी मीटरगेज गाडी बंद झाली म्हणून घरी बसल्यासारखं आहे.

तिसरं पान कॅन्सरचं, आणि खरा गोंधळ इथेच. एमआयसीए या जनुकाजवळची आरएस२५९६५४२ ही जागा घ्या. ताणाखाली आलेली पेशी एमआयसीए प्रथिन अंगावर मिरवते, आणि नॅचरल किलर पेशी ते पाहून तिला मारतात. २०११ मध्ये जपानी अभ्यासात हिपॅटायटिस सी असलेल्यांत ए रूपाशी कॅन्सरचा धोका जोडलेला दिसला, १.३९ पट. पुढच्याच वर्षी हिपॅटायटिस बीच्या रुग्णांत नेमकं उलट: तिथे जी रूप धोक्याचं. एकच जागा, विषाणू बदलला की दिशा बदलते. आता रिपोर्टमध्ये 'लिव्हर कॅन्सर: मध्यम धोका' असं एका ओळीत लिहिलेलं असेल आणि अंगात बी आहे, सी आहे की काहीच नाही हे विचारलेलंच नसेल, तर त्या ओळीची किंमत तुम्हीच ठरवा.

एसटीएटी४ या जनुकाची आरएस७५७४८६५ जागा (२०१३, चीन) थोडी भक्कम आहे, पण वाढ १.२१ पट. केआयएफ१बी हे जनुक २०१० मध्ये गाजलं, नंतर अनेक गटांना तो निकाल पुन्हा मिळाला नाही. तरी ते अजून रिपोर्टांत ठाण मांडून आहे. टीएनएफ-अल्फाची उणे ३०८ आणि आयएल-१० च्या जागा या छोट्या छोट्या अभ्यासांवर उभ्या आहेत, एक म्हणतो धोका, दुसरा म्हणतो संरक्षण. ती पानं उलटून पुढे जा.

आता या 'पट'चा हिशेब करू, कारण किटवाल्यांचे फोनवरचे समुपदेशक तो करून दाखवत नाहीत. तैवानमध्ये हिपॅटायटिस बीच्या ३,६५३ लोकांवर अकरा-बारा वर्षं नजर ठेवली गेली; निकाल २००६ मध्ये आला. ज्यांच्या रक्तात विषाणूचं डीएनए मोजण्याइतकंही नव्हतं त्यांच्यात लिव्हर कॅन्सरचं एकत्रित प्रमाण १.३ टक्के. ज्यांच्यात ते मिलिलिटरला दहा लाख प्रतींच्या वर होतं त्यांच्यात १४.९ टक्के. हा झाला विषाणूच्या मोजमापाचा फरक. याच्यावर एसटीएटी४चं १.२१ चढवलं तर काय होतं? १.३ चे जवळपास १.६ होतात, १४.९ चे साधारण १७.५. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, बघून माणूस एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जातो. जीन बघून त्याच मजल्यावर दोन पायऱ्या. शिवाय व्हायरल लोड औषधानं खाली आणता येतो. जीन येत नाही.

त्यामुळे 'घराण्यात आहे' या शब्दांची उलटतपासणी आधी व्हायला हवी. बाप लिव्हरच्या कॅन्सरनं गेला, दोन मुलं एचबीएसएजी पॉझिटिव्ह, एक आत्या कावीळ होऊन गेलेली. किट विकणारा याला 'फॅमिली हिस्टरी' म्हणतो आणि जीनकडे बोट दाखवतो. पण आजीलाच विषाणू असेल तर तो तिच्या सगळ्या बाळांना जन्मताच मिळू शकतो, आणि मग प्रत्येकाच्या लिव्हरमध्ये चाळीस-पन्नास वर्षं धुमसत राहतो. कुळाचा वारसा म्हणून जे दिसतं तो बाळंतपणाचा वारसा असतो. हिपॅटायटिस बीचं डीएनए लिव्हरच्या पेशीच्या डीएनएत घुसून बसतं, म्हणून सिरोसिस (लिव्हर व्रणांनी भरून कडक होणं) नसतानाही कॅन्सर होऊ शकतो. सीचा विषाणू आरएनएचा, तो असा घुसत नाही. तिथे कॅन्सर बहुतेक सिरोसिसच्या वाटेनं येतो. जनुकं यात भर घालतात, नाकारत नाही, आणि नात्यात कॅन्सर असेल तर धोका थोडा जास्त धरून तपासण्या लवकर सुरू करतात हेही खरं. पण त्यासाठी कुणाची लाळ लागत नाही. वडिलांना काय झालं होतं एवढं सांगितलं की पुरतं.

म्हणून पैसे कुठे खर्चावेत याचा क्रम आमच्या मते असा. सर्वांत आधी घरातल्या प्रत्येकाची एचबीएसएजी (जुने लोक आणि जुन्या लॅब अजून 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन' म्हणतात), अँटी-एचबीसी टोटल (बी कधी येऊन गेलाय का), अँटी-एचबीएस (बीपासून संरक्षण आहे का) आणि अँटी-एचसीव्ही (सीची लागण झालीय का). आईची, मावशीची, लग्न होऊन सासरी गेलेल्या बहिणीची पण. खर्च किटच्या मानानं किरकोळ. ज्यांचं सगळं निगेटिव्ह त्यांनी लस घ्यायची: ०, १ आणि ६ महिने. तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस १० मिली-युनिटच्या वर आलं की झालं. किटच्या रिपोर्टमध्ये 'लसीला कमी प्रतिसाद' अशी एक ओळ असते, एचएलए-डीआरबी१*०३ किंवा *०७ वर आधारलेली. ती खोटी नाही, पण तिचा उपयोग शून्य, कारण प्रतिसाद आला की नाही हे या साध्या रक्ततपासणीत थेट कळतं. नाही आला तर तीन डोस पुन्हा. दुसऱ्या फेरीत बरेच जण प्रतिसाद देतात.

जो पॉझिटिव्ह निघेल त्याला एसजीओटी आणि एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारी एन्झाइम्स), प्लेटलेट, एचबीव्ही डीएनए (बीचा व्हायरल लोड), सोनोग्राफी. इथे एक गणित कुणालाही कागदावर करता येतं, एपीआरआय नावाचं. एसजीओटीला तिच्या वरच्या मर्यादेनं भागायचं, आलेल्या आकड्याला प्लेटलेटनं (हजारांत) भागायचं, शंभरनं गुणायचं. एसजीओटी ८०, मर्यादा ४०, प्लेटलेट १ लाख: २ भागिले १०० गुणिले १००, उत्तर २. एसजीओटी ३६, प्लेटलेट २ लाख ४० हजार: ०.९ भागिले २४०, गुणिले १००, उत्तर ०.३८. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात हिपॅटायटिस बी असलेल्या मोठ्या माणसांत ०.५ च्या वर आकडा गेला की लिव्हरवर व्रण धरू लागले असं समजून उपचाराचा विचार करतात, १ च्या वर सिरोसिसची शंका. प्लेटलेट डेंग्यूनं खाली आले असतील तर हे गणित त्या आठवड्यात करू नका. आकडा खोटा फुगतो.

फायब्रोस्कॅन (लिव्हरचा ताठरपणा मोजणारा स्कॅन) करायचा असेल तर आधी तीन तास पोट रिकामं हवं. जेवून गेलात तर लिव्हर ताठ दाखवतं. एसजीपीटी खूप वाढलेलं असताना केलेला स्कॅनही फसवतो. कावीळ उतरेपर्यंत थांबा. आमच्या पाहण्यातले निम्मे वादग्रस्त रिपोर्ट या दोनच कारणांनी वादग्रस्त होते.

हे सगळं स्वतःच्या खिशातून करायला हवं असंही नाही. २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम चालू आहे. त्यात बी आणि सीची तपासणी आणि औषधं मोफत आहेत. जिल्ह्याच्या शासकीय रुग्णालयात उपचार केंद्र कुठे आणि कोणत्या वारी असतं हे विचारून जा, आधार कार्ड आणि जुने रिपोर्ट बरोबर ठेवा. बी साठी टेनोफोव्हिर रोज एक गोळी, बहुधा वर्षानुवर्षं. मनानं बंद केली तर विषाणू उसळून लिव्हर एकदम बसू शकतं, हे गोळी देणाऱ्यानं सांगितलं नसेल तर आमच्याकडून ऐका. सी साठी गोळ्या सुरू करण्याआधी बी आहे का हे बघायलाच लागतं, नाहीतर सी जातो आणि दबलेला बी डोकं वर काढतो.

गरोदर बाई पॉझिटिव्ह असेल तर घाई तिथे करा. व्हायरल लोड २ लाख युनिटच्या वर असेल तर २८ व्या आठवड्यापासून टेनोफोव्हिर देतात. बाळाला जन्मल्याबरोबर, २४ तासांच्या आत लसीचा पहिला डोस, आणि उपलब्ध असेल तर १२ तासांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन. बाळंतपण शनिवारी रात्री होईल आणि लस सोमवारी मिळेल असं होऊ नये म्हणून आधीच विचारून ठेवा. सगळ्या किटांतल्या सगळ्या जनुकांनी मिळून जेवढा फरक पडेल, त्याहून जास्त फरक या एका सुईनं पडतो.

सिरोसिस झालेला असेल, किंवा पॉझिटिव्ह पुरुष चाळिशीच्या आणि बाई पन्नाशीच्या पुढे असेल, तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी (लिव्हर कॅन्सरची खूण शोधणारी रक्ततपासणी). सहाच का, बारा का नाही? लिव्हरची गाठ साधारण चार ते सहा महिन्यांत दुप्पट होते म्हणून. एका वर्षाच्या खाड्यात ती ऑपरेशनच्या हाताबाहेर जाऊ शकते. मिरजेत सोनोग्राफीची केंद्रं पावलोपावली आहेत. प्रत्येक वेळी नवीन ठिकाणी जाऊ नका, जुन्या फिल्मशी तुलना करता येईल असं एकच ठिकाण धरा. आणि काविळीची माळ, डाग, झाडपाल्याचा काढा या वाटेनं मधले सहा महिने घालवू नका. हिपॅटायटिस ए आणि ई ची कावीळ बहुतेकांत आपोआपच उतरते, माळेला फुकटचं श्रेय मिळतं. बी मात्र माळ वाढताना आत बसून असतो.

किटवाल्यांनी न सांगितलेली, आणि सांगलीत तरी सांगायला हवी होती अशी एक गोष्ट. एचएलए-बी*३५:०१ हे रूप. अमेरिकेत औषधांमुळे लिव्हरला होणाऱ्या इजेची नोंद ठेवणाऱ्या संशोधकांनी २०२२ मध्ये हळदीच्या गोळ्यांनी लिव्हर बिघडलेल्या १० जणांची माहिती छापली. त्यातल्या ७ जणांत हे रूप निघालं. फोडणीतल्या हळदीचा इथे काही संबंध नाही, भौगोलिक मानांकन मिळवलेल्या आपल्या हळदीनं घाबरायचं कारण नाही. प्रश्न आहे तो 'लिव्हर डिटॉक्स' म्हणून विकल्या जाणाऱ्या, हळदीतल्या कर्क्युमिनच्या सांद्र गोळ्यांचा, त्यातही मिरीतलं पिपरीन घातलेल्या, कारण पिपरीननं कर्क्युमिन अंगात कितीतरी जास्त शोषलं जातं. प्रतिकारक जनुक आणि लिव्हर यांचा इतका थेट, टाळता येण्याजोगा संबंध किटच्या या पानांत दुसरा दिसत नाही. पण एका किटबरोबर तर अशाच गोळ्यांची 'फ्री' बाटली येते. त्या बाटलीसाठी आणखी अर्धा तारा कापायचा विचार होता, पण आकडा दोनावरच ठेवला.

जाता जाता स्वयंपाकघरातलं: बुरशी धरलेला शेंगदाणा. त्यातलं अफ्लाटॉक्सिन आणि हिपॅटायटिस बी एकत्र आले की धोका गुणाकारानं वाढतो. शांघायच्या १९९२ च्या अभ्यासात दोन्ही असलेल्यांत तो जवळपास ६० पट निघाला. काळपट, सुरकुतलेला, कडवट दाणा निवडून टाकायचा. 'कुटात खपेल' म्हणून ठेवायचा नाही. भाजल्यानं ते विष पुरतं जात नाही.

तरीही किट घ्यायचीच असेल, तर पैसे देण्याआधी चार गोष्टी विचारा. एचएलएचे निकाल प्रत्यक्ष सिक्वेन्सिंग करून काढता की चिपवरच्या शेजारच्या जागांवरून अंदाजानं? अंदाजानं असेल तर भारतीय लोकांच्या संदर्भसंचावरून की युरोपीय? प्रत्येक निकालासमोर मूळ अक्षरं (सीसी, सीटी) छापता की नुसता रंग? डीएनएच्या कोणत्या बाजूनं वाचलंय ते लिहिता का? हा शेवटचा प्रश्न किचकट वाटेल, पण एका बाजूनं ए असलेली जागा दुसऱ्या बाजूनं टी दिसते, आणि दोन कंपन्यांचे रिपोर्ट शेजारी ठेवले की संरक्षक आणि धोक्याचं रूप उलटं वाटून लोक घाबरतात. कॉल रेट (वाचायच्या जागांपैकी किती खरोखर वाचता आल्या) ९५ टक्क्यांच्या खाली असेल तर पुन्हा सॅम्पल फुकट घ्यायला लावा.

रिपोर्ट आधीच हातात असेल तर त्यातलं एक पान ठेवण्यासारखं असतं, बहुधा अगदी शेवटचं: पीएनपीएलए३ या जनुकाची आरएस७३८४०९ ही जागा. हे प्रतिकारक जनुक नव्हे, चरबीचं आहे. २००८ पासून वेगवेगळ्या देशांत पुन्हा पुन्हा खरं ठरलेलं. जीजी असेल तर फॅटी लिव्हरचं पुढे सिरोसिस आणि कॅन्सर होण्याकडे कल जास्त, आणि दारू, पोटाचा घेर यांच्यासोबत तो आणखी वाढतो. ते पान डॉक्टरांना दाखवा. संमतीपत्रावर 'संशोधनासाठी नमुना वापरू द्या' या चौकोनात आधीच टिक केलेली असते. नको असेल तर सॅम्पल नेणाऱ्या मुलाच्या समोरच खोडा आणि खोडलेल्या पानाचा फोटो काढून ठेवा.